ओळंब्यापासून सहा सूत

त्याला सगळे गुण्या म्हणत. गुण्या हे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार, एक पट्टी आडवी आणि एक उभी. ते त्याच्या पँटच्या मागच्या खिशात कायम खोचलेलं असायचं. जेवायला बसताना टोचलं की तो ते काढून ताटाशेजारी ठेवायचा. बायको म्हणायची, "गोल ताटाचा काटकोन कुठून काढणार आता?" तो हसायचा, पण गुण्या तिथेच राहायचा.

दारं, चौकटी आणि खुर्च्या ही त्याची कामं. कारखाना म्हणजे घराखालचा एक लांबट गाळा. एका भिंतीला फळ्या उभ्या, दुसऱ्या भिंतीला खिळ्यांवर करवती, मध्ये काम करायचं जाड टेबल आणि त्याच्या कडेला घट्ट पकडणारे चार लोखंडी शिकंजे. त्याने बसवलेलं दार एका बोटाने ढकललं की बंद व्हायचं आणि पुन्हा आपोआप उघडायचं नाही. यातच त्याला सुख होतं. कुणाच्या घरी चहाला गेला आणि भिंतीवरचा फोटो तिरका दिसला, तर त्याचं बोलण्यात लक्ष लागायचं नाही. शेवटी तो उठायचाच. "बसा हो," म्हणत यजमान लाजायचे आणि हा फोटो सरळ करून मगच चहाला तोंड लावायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली होती. चार दिवस दवाखान्यात काढले आणि तेव्हापासून रोज सकाळी एक छोटी पांढरी गोळी, रक्त पातळ ठेवणारी, जन्मभरासाठी मागे लागली. गोळ्या विसरू नयेत म्हणून त्याने सागाची सात कप्प्यांची डबी केली. प्रत्येक कप्प्याला सरकतं झाकण आणि प्रत्येक झाकण इतकं बेतशीर, की डबी उलटी केली तरी गोळी पडू नये. दर रविवारी बायको त्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरायची.

आणि त्यांना एकच मुलगी, चौदा वर्षांची. अंगाने सडपातळ, जिभेने टोकदार, म्हणून टाचणी. हे नाव तिच्या बापानेच ठेवलेलं.

ती वाकडी उभी राहते हे पहिल्यांदा शाळेतल्या खेळाच्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं. 'डावा खांदा खाली असतो. घरी लक्ष द्यावे.'

गुण्याने ते दोनदा वाचलं. दारांची, खिडक्यांची, शेजाऱ्यांच्या फोटोंची वाकडी रेघ ज्याला लांबून दिसायची, त्याला आपल्या पोरीचा खांदा दिसला नव्हता. हे त्याला फार लागलं.

"इकडे ये. भिंतीकडे तोंड कर. सरळ उभी राहा."

"सरळच आहे मी."

"ही सरळ? अशी चौकट बसवली तर लोक मला दगड मारतील."

त्याने ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. दोरी सोडली की वजन खाली ओढ घेतं आणि हलायचं थांबलं की ती दोरी म्हणजे जगातली सगळ्यात खरी उभी रेघ. मानेच्या खालच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, तिथे त्याने दोरीचं वरचं टोक धरलं. बायकोने कमरेच्या बरोबर मध्यावर फ्रॉकवर खडूची खूण केली. दोरी त्या खुणेवर पडायला हवी होती. ती डावीकडे पडली. गुण्याने पट्टी लावली.

"सहा सूत."

इंचाचे आठ सूत. म्हणजे पाऊण इंच. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर तारीख घालून लिहिलं : ६.

"बाबा, पाठ दुखते माझी," टाचणी म्हणाली.

"दुखणारच. मान खाली घालून, एका अंगावर रेलून बसतेस दिवसभर. सरळ बस, दुखायचं थांबेल."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनीही जवळपास तेच सांगितलं. पाठीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "कणा थोडा कलला आहे. या वयात होतं. दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यायला सांगा. बसायची सवय सुधारा."

सवय सुधारणं गुण्याच्या हातातलं होतं. त्याने खुर्ची केली.

अशी खुर्ची त्याने आजवर कुणासाठी केली नव्हती. पाठ अगदी उभी, सहा फळ्यांची, प्रत्येक फळी रंधून काचेसारखी गुळगुळीत. दोन्ही बाजूंना काखेच्या खाली दोन लाकडी आधार, म्हणजे डावीकडे कलायला जागाच नको. छातीवरून जाणारा रुंद कापडी पट्टा, मागे बकलने आवळायचा. रोज संध्याकाळी तासभर तिने त्यात बसून अभ्यास करायचा, असं ठरलं.

टाचणी पहिल्या दिवशी त्यात बसली आणि म्हणाली, "यात विमान उडतं का?"

आई हसली. गुण्याही हसला. चौथ्या दिवशी मात्र तासभर पुस्तकाचं एकही पान उलटलं नाही आणि पट्टा सोडल्यावर उठताना तिने टेबल दोन्ही हातांनी धरलं.

दर रविवारी सकाळी माप. आंघोळ झाली की टाचणी चौकटीपाशी यायची, आई खडू घ्यायची, बाप दोरी सोडायचा. सहाचे सात झाले. महिन्याने आठ. मग नऊ. गुण्याची झोप उडाली. त्याने काखेखालचा डावा आधार दोन सूत आत सरकवला आणि तासाचा दीड तास केला.

"अहो, तिला त्रास होतोय," बायको म्हणाली.

"वाकलेलं सरळ करायचं म्हणजे थोडा ताण पडणारच गं. मला काय हौस आहे?"

"रात्री उठून बसते ती. मी दोनदा पाहिलं."

"दिवसा झोपत असेल."

खालच्या गाळ्यात त्याच्याबरोबर एक पॉलिशवाला काम करायचा. गुण्या फर्निचर करायचा आणि हा त्याला चकाकी आणायचा. वीस वर्षांची जोडी. त्याने एकदा हातातलं फडकं बाजूला ठेवून विचारलं, "गुण्या, ती पोर आहे की फळी?"

"तू तुझं पॉलिश बघ."

"बघतोच आहे. पॉलिशने वाकडं लाकूड सरळ होत नाही, एवढं मला कळतं."

गुण्याच्या रंध्याचा आवाज वाढला.

आणि मग एका रविवारी दोरी कमरेच्या खुणेच्या अगदी जवळ पडली. गुण्याने पुन्हा मोजलं. बायकोला मोजायला लावलं. चार सूत!

त्याने चौकटीवर लिहिलेला ४ नेहमीपेक्षा मोठा होता. टाचणी मान वळवून पाहत होती. "झालं ना आता? आता खुर्ची बंद?" ती म्हणाली.

"आता बंद? आता तर गुण यायला लागलाय! अजून दोन महिने नेट लाव, शून्यावर आणतो की नाही बघ."

तिचा चेहरा कसा पडला हे त्याला दिसलं, पण त्याने ते आळसावर घातलं. पुढच्या रविवारी पाच, त्याच्या पुढच्या रविवारी परत चार. गुण्याची छाती फुगली. गाळ्यात येईल त्याला तो खुर्चीची गोष्ट सांगू लागला. वरच्या मजल्यावरची शेजारीण आपल्या मुलाला घेऊन आली. तोही म्हणे पोक काढून बसायचा. त्या मुलासाठी गुण्याने दुसरी खुर्ची करायला घेतली.

त्या खुर्चीच्या पाठीच्या फळ्या रंधत असतानाच पॉलिशवाला बाहेरून आला आणि चप्पल काढता काढता म्हणाला, "तुझी पोर शाळेतून येताना दिसली. किती वाकली आहे रे ती!"

"काहीतरी बोलू नको. चार सूतांवर आली आहे."

"मी सूत नाही मोजले. पण रस्त्याच्या त्या टोकावरून मी तिला चालीवरून ओळखलं, आधी तोंड दिसलंच नव्हतं."

बुधवार होता. गुण्या रंधा टाकून वर गेला. टाचणी नुकतीच दप्तर ठेवत होती. "भिंतीकडे तोंड कर," तो म्हणाला.

"आज कुठे रविवार आहे?" तिच्या आवाजात एकदम भीती आली.

"कर म्हटलं ना."

दोरी सोडली. वजन हललं, थांबलं. खडूची खूणही करायची गरज नव्हती. दोरी आणि कमरेचा मध्य यात जवळजवळ दीड इंच होता. अकरा सूत.

"रविवारी चार आणि बुधवारी अकरा?" गुण्याचा आवाज चढला. "म्हणजे उभं राहता येतं तुला सरळ! मुद्दाम करतेस? बापाला वेड्यात काढतेस?"

टाचणी भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. एरवी जिच्या जिभेला उत्तर तयार असायचं, ती गप्प राहिली म्हणून तो जास्तच चिडला.

तेवढ्यात बायको आतून आली. तिच्या हातात गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या होत्या. "अहो, आधी एक सांगा. तुम्ही दोन दोन गोळ्या घेताय का? मला वाटलं काळजीने घेत असाल, म्हणून बोलले नाही. तुमच्या ड्रॉवरमधल्या पट्ट्या संपत चालल्यात. डबीत तर मी सातच भरते."

"मी एकच घेतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं.

"मी घेतल्या," टाचणी भिंतीलाच म्हणाली.

गुण्याने ओळंबा खाली ठेवला. पोरीने बापाच्या हृदयाच्या गोळ्या का खाव्यात? त्याच्या मनात जे आलं ते भलतंच होतं आणि ते उच्चारायचाही त्याला धीर झाला नाही. बायकोने पुढे होऊन तिला जवळ घेतलं, तेव्हा ती एकदम भडाभडा बोलायला लागली.

एकदा तिचं डोकं दुखत होतं. घरात दुसरी गोळी नव्हती, म्हणून बाबांची घेतली. डोकं दुखतच राहिलं, पण पाठीचं दुखणं अर्ध्या तासात पळून गेलं. इतके महिने रात्री जागवणारं दुखणं, जणू कुणी बटण दाबून बंद केलं. म्हणून पुन्हा घेतली. मग एकीने पुरेना, तीन घेतल्या, चार घेतल्या. रोज घेतल्या तर कळेल, म्हणून फार झालं की रात्री घ्यायची. आणि रविवारी सकाळी, आंघोळीच्या आधी.

"रविवारी का गं?" आईने विचारलं.

"दुखायचं थांबलं की मला सरळ होता येतं. माप चांगलं आलं की बाबा खुर्ची बंद करतील असं वाटलं."

गुण्या चौकटीकडे बघत राहिला. ४, ५, ४. त्याचंच अक्षर होतं.

"मला सांगायचं नाही का दुखतं म्हणून?" तो कसाबसा म्हणाला.

"सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुम्ही म्हणालात, सरळ बस म्हणजे थांबेल."

हाडांच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. बोलायला शांत, पण एकही प्रश्न सोडायच्या नाहीत. त्यांनी टाचणीला चालायला लावलं, वाकायला लावलं, पाठीच्या एकेका मणक्यावर बोटाने दाबलं. कमरेच्या थोडं वर, डाव्या बाजूला बोट टेकताच ती कळवळली.

"कधी जास्त दुखतं?"

"रात्री."

"कशाने बरं वाटतं?"

टाचणीने बापाकडे पाहिलं. गुण्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "सांग बाळा. सगळं सांग."

तिने गोळ्यांचं सांगितलं. चोरी कबूल केल्यासारखं, चाचरत. डॉक्टरीणबाई मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. कोणती गोळी, किती, किती वेळात उतार पडतो, किती वेळ टिकतो, सगळं त्यांनी लिहून घेतलं.

"असल्या गोळ्या परत आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. पोटात रक्तस्राव होऊ शकतो," त्या आधी टाचणीला म्हणाल्या. मग तिच्या आईबापाकडे वळल्या. "पण तिने घेतल्या म्हणून मला दिशा मिळाली. या वयात कणा कलतो तेव्हा तो सहसा असा दुखत नाही. झोपेतून उठवत तर नाहीच. दुखणारा बाक असेल तर बाकाचा विचार नंतर, आधी दुखणं कुठून येतं ते शोधायचं. साध्या फोटोत दिसलं नसेल, कारण मणक्यात हाडावर हाड येतं. आपण सीटी स्कॅन करू."

दोन दिवसांनी त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. मणक्याच्या मागच्या भागात, डावीकडे, एक छोटा काळा गोल ठिपका. त्याच्या मध्ये पांढरा कण आणि भोवती पांढऱ्याशुभ्र, घट्ट हाडाचं कडं.

"ही हाडाची गाठ. ट्यूमरच म्हणतात."

त्या शब्दासरशी बायकोने गुण्याचं मनगट धरलं.

"थांबा, घाबरू नका. ही साधी गाठ आहे, कॅन्सर नाही. पसरत नाही, दुसरीकडे जात नाही. आपली आपण थोडं कच्चं हाड तयार करत बसते. पण त्यातून असं द्रव्य सुटतं की भयंकर दुखतं, आणि ती गोळी नेमकं तेच द्रव्य अडवते. बहुतेकदा ही मांडीच्या नाहीतर नडगीच्या हाडात होते, तिथे लवकर सापडते. भलत्या जागी झाली की फसवते. माझ्याकडे एक माणूस वर्षभर गुडघ्यावर उपचार करून आला होता, गाठ निघाली खुब्यात. एका बाईच्या बोटाचं नुसतं नख जाड झालं होतं. हिच्या पाठीत गाठीने बाकाचं सोंग घेतलं."

"केवढी आहे?" गुण्याने विचारलं.

"आठ मिलिमीटर."

अडीच सूत. त्याने मनातल्या मनात हिशोब केला आणि पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मध्ये गाठ, भोवती घट्ट, पांढरं कडं. असं चित्र तो रोज बघत होता. लाकडात गाठ असली की भोवतालचे रेषे वळसा घेतात, तिथलं लाकूड दगडासारखं होतं आणि फळी त्या बाजूला वाकते. अशी फळी कुणी शिकंज्यात आवळून सरळ करायला गेलं, तर गुण्या त्याच्या हातातून ती काढून घ्यायचा. आधी गाठ कुठे आहे ती बघ, म्हणायचा.

"मी तिला पट्ट्याने बांधून बसवत होतो," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई त्याच्याकडे वळल्या. "गाठ त्याने झाली नाही. पण त्रास वाढला असेल. ती वाकत होती ते वळण बिघडलं म्हणून नाही. गाठीच्या बाजूचे स्नायू आखडत होते, आणि वाकलं की तिला जरा कमी दुखत होतं."

"आता गाठ काढली की सरळ होईल ना?"

"ते किती दिवसांपासून आहे त्यावर अवलंबून आहे. साधारण सव्वा वर्षाच्या आत निघाली, तर बाक बराचसा जातो. त्याहून जास्त दिवस झाले तर वाढत्या वयात मणके त्याच आकारात वाढतात. मग गाठ गेली तरी बाक राहतो. कधी सुरू झालं, नक्की सांगता येईल?"

नक्की सांगता येत होतं. चौकटीवर प्रत्येक तारीख होती. पहिलं माप दहा महिन्यांपूर्वीचं.

"त्याच्या आधी चार महिने दुखत होतं," टाचणी म्हणाली. "परीक्षेच्या वेळेपासून."

चौदा महिने. सव्वा वर्षाला एकच महिना कमी.

उपाय असा होता : स्कॅनच्या यंत्राखाली बघत बघत पाठीतून एक सुई थेट गाठीत घालायची आणि तिचं टोक तापवून गाठ जाळून टाकायची. कापाकापी नाही. धोका एकच. जवळून पायाकडे जाणारी नस जात होती.

"किती जवळ?"

"सहा मिलिमीटर. चालतं तेवढं. नसेला उष्णता लागू नये म्हणून आम्ही काळजी घेतो. तरी लाखात एक असं मी सांगणार नाही. पायात कमजोरी येऊ शकते, हे माहीत असलेलं बरं."

दोन सूतसुद्धा नाहीत. गुण्याने आयुष्यभर सूतभर चुकीसाठी लोकांना बोल लावले होते. त्याने सही केली. ती सही वाकडी आली.

सुईच्या आदल्या दिवशी दुपारी गाळ्यात कुणी नव्हतं. टाचणीची खुर्ची गुण्याने खाली आणून कोपऱ्यात उभी केली होती. तो तिच्यात बसला. त्याच्या मापाची नव्हती, पण तो आत दाबून बसला, मागे हात नेऊन पट्टा आवळला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. सातव्या मिनिटाला त्याची पाठ भरून आली. बाराव्या मिनिटाला डावा आधार बरगडीत रुतायला लागला. त्याला ना गाठ होती, ना बाक. विसाव्या मिनिटाला पॉलिशवाला आत आला.

"हे काय चाललंय?"

"तासभर बसून बघतो."

पॉलिशवाल्याने थट्टा केली नाही. मागे जाऊन बकल सोडलं आणि म्हणाला, "ऊठ. तू इथे बसलास म्हणून तिचा एक तासही परत येणार नाही. वरच्या बाईंचं काय करायचं ठरवलंस? त्या खुर्चीला मी पॉलिश लावणार नाही."

गुण्या त्याच पावली वर गेला. शेजारणीला म्हणाला, "वहिनी, खुर्ची होणार नाही. आधी पोराला विचारा, पाठ दुखते का. रात्री दुखते का, ते पण विचारा. आणि हो म्हणाला तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा."

"अहो, पण तुमच्या मुलीला तर गुण आला ना?"

"नाही आला," गुण्या म्हणाला. "माझं माप चुकलं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात, स्कॅनच्या खोलीबाहेरच्या खुर्च्यांवर ते नवराबायको दीड तास बसले. समोरच्या भिंतीवर कसलीशी सूचना चौकटीत लावली होती, उजवीकडे चांगली बोटभर कललेली. बायकोने ती पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं. गुण्या दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता.

टाचणीला बाहेर आणलं तेव्हा तिचे डोळे अर्धवट मिटलेले होते. गुण्या पायांशी गेला. "अंगठा हलव," तो म्हणाला. काही झालं नाही. "टाचणे, बाळा, अंगठा."

"कुठला?" ती झोपेतच पुटपुटली. "नीट सांगा ना."

दोन्ही हलले. गुण्या तिथेच, पलंगाची दांडी धरून उभा राहिला.

पाठीतलं दुखणं त्याच रात्री गेलं. सुई टोचल्याची जागा हुळहुळत होती तेवढीच. सकाळी आई पाणी घेऊन गेली तर ती गाढ झोपलेली. नऊ वाजता उठली आणि उठल्या उठल्या म्हणाली, "एवढा उजेड कसा?" कितीतरी महिन्यांत तिने सकाळ अशी एकदम पाहिली नव्हती.

बाक मात्र गेला नाही. पहिल्या महिन्यात नाही, दुसऱ्या महिन्यात थोडासा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्नायू सैल व्हायला वेळ लागतो, व्यायाम करत राहा, सहा महिन्यांनी फोटो काढू. मग ठरवू. होईल असंही त्या म्हणाल्या नाहीत आणि होणार नाही असंही नाही. गुण्या रोज तिला शाळेत जाताना गॅलरीतून बघायचा. डावा खांदा कधी त्याला वर आल्यासारखा वाटायचा, कधी होता तिथेच. डोळ्यांवर त्याचा आता विश्वास राहिला नव्हता. पण ओळंबा ड्रॉवरच्या तळाशी गेला होता आणि रविवार सकाळ नुसतीच जायची. स्वयंपाकघरात जाताना तो चौकटीकडे बघायचा नाही.

तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी आंघोळ झाल्यावर टाचणी येऊन चौकटीपाशी उभी राहिली.

"बाबा, माप घ्या."

"नको गं. आता काय त्याचं? डॉक्टर बघतील फोटोत."

"डॉक्टर तीन महिन्यांनी बघणार. मला आत्ता बघायचंय. पाठ माझी आहे ना?"

आई खडू घेऊन आलीच होती. गुण्याने ड्रॉवर उघडला. दोरीला गाठी पडल्या होत्या, त्या सोडवायला वेळ लागला. की त्याने लावला.

"गोळी घेतलेली नाही," भिंतीकडे तोंड करून टाचणी म्हणाली. "आधीच सांगते."

त्याने दोरी सोडली. पितळी वजन इकडून तिकडे गेलं, पुन्हा इकडे आलं. एरवी तो बोट लावून ते थांबवायचा. आज त्याने ते आपलं आपण थांबू दिलं. मग पट्टी लावली. पुन्हा लावली.

"किती?"

त्याने तिसऱ्यांदा पट्टी लावली.

"बाबा, किती?"

"सहा."

पहिल्या दिवशी जेवढे होते तेवढेच. अकरावरून सहा. इथून पुढे खाली जाईल की इथेच राहील, हे ओळंब्याला माहीत नव्हतं आणि पट्टीलाही नव्हतं. टाचणी वळली. तिने त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली, वाकून सगळ्यात खाली तारीख घातली आणि आपल्या हाताने लिहिलं : ६. मग वरचे आकडे वाचत गेली.

"हे चार, पाच, चार खोडा. ते माझे नव्हते, गोळीचे होते."

गुण्या खाली गेला आणि बारीक पॉलिश पेपर घेऊन आला. चौकट त्याच्याच हातची होती, तिच्यावर ओरखडा पडू नये म्हणून एरवी तो जीव टाकायचा. त्याने ते तीन आकडे घासले. लाकडाचा रंग तिथे फिका पडला.

"पुढच्या रविवारी नको," टाचणी दप्तर आवरत म्हणाली. "महिन्याने घ्या. आणि ती दोरी नीट गुंडाळून ठेवा, नाहीतर परत तासभर गाठी सोडवत बसाल."

"हो," गुण्या म्हणाला आणि दोरी बोटांभोवती गुंडाळायला लागला.